जोडीची सुपारी

इरावतीबाईंनी फोनवर सगळं रीतसर विचारलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं त्या बिचारीच्या नावानं कुणी बोटं मोडायला नको. गाडी पाठवू का, जेवणाचं काही पथ्य आहे का, मानधन किती द्यावं आणि सोबत कुणी येणार आहे का, असे चार प्रश्न होते. नेसरीच्या गणपतरावांनी चारही प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिलं. "काय नको, बाई. तुमी आठवण काढलासा, ह्येच लई झालं." तिकडं कोल्हापुरात इरावतीबाईंनी आपल्या कागदावरचे रकाने भरले आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'सोबत: नाही'.

आता यात गणपतरावांना काय वाटलं असेल, हे त्यांच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. शहात्तर वर्षांचा माणूस. पन्नास वर्षं वराती, जत्रा आणि मिरवणुकांतून क्लॅरिनेट वाजवलेला. त्यांच्यात कामाच्या बोलावण्याला सुपारी म्हणतात. हल्ली सुपारी म्हटलं की लोकांना खून आठवतो, त्याला कोण काय करणार! तर सुपारी एकाच्या हातावर पडली की ती जोडीची. क्लॅरिनेटवाल्याला बोलावलं म्हणजे ढोलकीवाला आलाच, आणि मिळेल ते निम्मं-निम्मं, हे काय तोंडानं सांगायचं असतं? जेवायला बोलावलेला पाहुणा कधी सांगतो का, की मी येताना तोंड घेऊन येणार आहे म्हणून? आणि पैशाचा आकडा आपण होऊन सांगणं म्हणजे तर त्या पिढीला चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटायचं. तेव्हा गणपतरावांनी फोन ठेवला, पायात वहाणा सरकवल्या आणि तडक सयाजीचं घर गाठलं.

सयाजी म्हणजे त्यांचा ढोलकीवाला. दोघं एका गल्लीत वाढले, एकाच बँडमध्ये शिकले आणि एकाच सायकलवरून गावोगाव हिंडले. दोन वर्षांपूर्वी सयाजीच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, पण हात काही उठला नाही. ढोलकीची धुम, म्हणजे तो घुमणारा खालचा बोल, डाव्या हाताची. तीच गेली म्हटल्यावर सयाजीनं ढोलकी माळ्यावर टाकायला लावली आणि तो सोप्यातल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. गणपतराव रोज संध्याकाळी जायचे, अर्धा तास एकटेच बोलायचे आणि परत यायचे.

"सया, ऊठ. कोल्हापूरची सुपारी हाय."

सयाजीनं मान वळवली नाही. "कशाची?"

"पाटलीणबाईची."

तेव्हा मात्र मान वळली. 'पाटलीणबाई निघाल्या' हा सत्याहत्तर सालचा सिनेमा. तेव्हा हे दोघं पंचविशी ओलांडलेले गडी. एका लग्नाच्या वरातीसाठी बँड कोल्हापूरला गेलेला, आणि नेमका त्याच दिवशी स्टुडिओतला क्लॅरिनेटवाला आजारी पडला. कुणीतरी या दोघांना वरातीतून उचलून नेलं. एकाच माईकसमोर दोघांना बसवलं. सयाजीचा हात एवढा जड, की त्याला दोनदा मागं सरकवावं लागलं. नवऱ्यानं भर पंगतीत अपमान केल्यावर पाटलीणबाई बैलगाडीत बसून घर सोडते, मागं वळून बघत नाही, आणि त्या बघत नसण्यावर पंचेचाळीस सेकंद क्लॅरिनेट आणि ढोलकी वाजते. तेवढंच काम. पडद्यावर नाव नाही, आणि नसतं हे दोघांना माहीत होतं. सिनेमा अकरा आठवडे चालला आणि लोक विसरून गेले.

मग चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी काय झालं देव जाणे, पोरापोरींच्या हातातल्या मोबाइलवर पाटलीणबाई पुन्हा निघाली. नोकरी सोडली की पोरी तो तुकडा लावून व्हिडिओ टाकायला लागल्या. साखरपुडा मोडला, टाक तुकडा. सासर सोडलं, टाक तुकडा. त्यातून एक चाहते मंडळ उभं राहिलं, वर्षाला मेळावा भरायला लागला, लोक पाटलीणबाईसारखी हिरवी नऊवारी नेसून आणि पाटलासारख्या मिशा चिकटवून यायला लागले. इरावतीबाई मंडळाच्या सेक्रेटरी. कॉलेजात शिकवायच्या, आणि तो क्लॅरिनेट कुणी वाजवला हे शोधण्यात त्यांनी आपल्या आयुष्यातली चार वर्षं घातली होती. एका जुन्या साउंडवाल्याच्या वहीत त्यांना एक ओळ सापडली: 'गणपत, नेसरी, क्लॅ.' ढोलकीचा कागद वाळवीनं खाल्लेला होता.

"मलाबी बोलावलंय?" सयाजीनं विचारलं.

"तुला सोडून मी कवा कुठं गेलतो?" गणपतराव म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सयाजीच्या सुनेनं, निशिगंधानं, ढोलकी माळ्यावरून उतरवली. पहिले आठ दिवस सयाजी नुसता तिच्यावर हात ठेवून बसायचा. मग अंगठा हलला. मग दोन बोटं. सून रोज सकाळी तेल लावून हात रगडायची आणि तो आई-बहिणीवरून शिव्या घालत ढोलकी मांडीवर घ्यायचा. दीड महिन्यानं मनगट वळलं. एका सकाळी गणपतराव गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्यांना धुम ऐकू आली. बसकी, उशिरानं येणारी, पण धुमच. ते तिथंच एका उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. निशिगंधा दारात येऊन म्हणाली, "काका, डागदरला जे जमलं न्हाय ते तुमच्या सुपारीनं केलं बघा. मामंजी रात्री भाकरी मागून खात्यात आता."

आणि मेळाव्याला पंधरा दिवस राहिलेले असताना मोबाइलवर जाहिरात आली. मधोमध गणपतरावांचा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली 'ज्यांच्या सुरांनी वेड लावलं ते प्रत्यक्ष भेटीला'. ढोलकीचा उल्लेख नाही. सयाजीचं नाव नाही.

खरं तर तेव्हाच फोन करायचा. एक वाक्य बोलायचं: बाई, आम्ही दोघं आहोत. इरावतीबाईंनी आनंदानं दुसरा रकाना भरला असता. गणपतरावांनी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. या वयात कुणाला तरी 'ह्यालाबी घ्या की' म्हणायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तिथं जाऊन दोघं उभं राहिल्यावर कोण परत पाठवणार आहे, असंही सांगितलं. पण जे स्वतःला सांगितलं नाही, ते आपण सांगू. त्या पंधरा दिवसांत ती जाहिरात त्यांनी नातवाच्या मोबाइलवर किती वेळा उघडून बघितली असेल, याला हिशोब नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांचा एकट्याचा फोटो कुठं छापला होता, आणि तो त्यांना आवडला होता.

सयाजीला त्यांनी जाहिरात दाखवली नाही.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सातला मंडळाची गाडी, नको म्हटलं होतं तरी, नेसरीत आली. सयाजी पांढराशुभ्र सदरा घालून ओट्यावर तयार बसला होता, मांडीवर ढोलकी, तिला निशिगंधानं नवी निळी खोळ शिवलेली. ड्रायव्हरनं निशिगंधा धरून तीन माणसं बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण दार उघडलं. गडहिंग्लज सोडलं आणि सयाजी बोलायला लागला तो थांबेना. दोन वर्षांचं सगळं बोलणं त्यानं जणू या रस्त्यासाठी राखून ठेवलेलं. उसाच्या ट्रॉल्या मोजल्या, कुठल्या गावात कुणाच्या वरातीत मारामारी झालेली ते सांगितलं, कागलला चहाच्या गाड्यावर स्वतः उतरून चहा घेतला.

"तिहाईला घाई करू नको," तो गणपतरावांना दटावत म्हणाला. तिहाई म्हणजे शेवटी तोच बोल तीनदा वाजवून थांबायची जागा. "तवाबी तू घाई केलतीस. मी सावरून घेतलं म्हणून बरं."

"व्हय रं बाबा."

"आता माझा हात जरा मागं पडतोय. तू थांब माझ्यासाठी."

"थांबतो की," गणपतराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सभागृहाच्या दारात थर्माकोलचे दोन बैल आणि खरीखुरी बैलगाडी उभी होती. तिच्यात बसून फोटो काढायला रांग लागलेली. शे-दीडशे पाटलीणबाई, पन्नासेक पाटील, त्यांतल्या निम्म्यांच्या मिशा घामानं सुटायला आलेल्या. गणपतराव गाडीतून उतरले आणि कुणीतरी ओरडलं, "आले!" पोरी धावत आल्या. कुणी पाया पडलं, कुणी फुलं उधळली. इरावतीबाई पुढं आल्या, त्यांचे डोळे आधीच भरलेले. त्यांनी गणपतरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना आत घेऊन गेल्या. सगळं एवढं भराभर झालं, की गणपतरावांनी मागं वळून बघितलं तेव्हा मधे काचेचं दार आलं होतं. काचेपलीकडं एक पोरगा हातातल्या यादीवर बोट फिरवत होता. निशिगंधा त्याला काहीतरी समजावत होती. मग सयाजीनं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि शेजारच्या खिडकीवरून दोन तिकिटं काढली.

आत एका खोलीत गणपतरावांना खुर्ची, पंखा आणि नारळपाणी मिळालं. ते नारळपाणी हातात धरून म्हणाले, "बाई, माझा ढोलकीवाला आलाय संगट. सयाजी. त्या तुकड्यातली ढोलकी त्याचीच."

इरावतीबाईंच्या हातातला कागद खाली आला. "म्हणजे? ते... ते आहेत? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? अहो, मी विचारलं होतं ना तुम्हांला सोबत कुणी आहे का म्हणून! मी त्यांच्या नावानं वेगळा सत्कार ठेवला असता, त्यांची वेगळी सोय केली असती."

"चुकलं, बाई."

त्यांनी लगेच मोहितला बोलावलं. मोहित सूत्रसंचालन करणारा, कानात मशीन, हातात तीन मोबाइल, स्वभावानं वाईट नाही पण घड्याळाचा गुलाम. त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, आपल्याला नऊ मिनिटं आहेत. प्रमुख पाहुणे दीडला निघणार. ढोलकीला माईकच नाही लावलेला, आणि तसंही आपण मूळ ट्रॅकच लावणार आहोत ना?"

"ट्रॅक म्हंजे?" गणपतरावांनी विचारलं.

"सिनेमातलं ओरिजिनल, आजोबा. पडद्यावर तो सीन, आणि समोर तुम्ही क्लॅरिनेट घेऊन उभे. वाजवायचं नाही, नुसतं धरायचं, बोटं हलवायची. लोकांना तोच आवाज पाहिजे हो. त्याच आवाजासाठी माणसं पुण्याहून आलीत. आता वाजवलंत आणि जरा इकडंतिकडं झालं, तर तुमचंच नाव खराब होईल."

गणपतरावांनी नारळपाणी खाली ठेवलं. इरावतीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सयाजीरावांना पुढच्या रांगेत बसवते. आणि स्टेजवरून त्यांचं नाव घ्यायला लावते. नक्की." एवढं बोलून त्या गेल्या, आणि त्या तशा गेल्याही असतील पुढच्या रांगेपर्यंत, पण पुढची रांग देणगीदारांनी भरलेली होती. सयाजी चौथ्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाच्या खुर्चीवर बसला, आणि वाटेत इरावतीबाईंना प्रमुख पाहुण्यांनी गाठलं.

गणपतरावांनी एक वाक्य तयार केलं. फेटा बांधून घेताना ते त्यांनी मनातल्या मनात वीस वेळा म्हटलं. 'मी एकटा वाजवत न्हाय.' चार शब्द. माईक हातात आला की म्हणायचे, मग ढोलकीला माईक असो वा नसो, लोकच सयाजीला उचलून आणतील. कोल्हापूरची माणसं ती, एवढं कळेल त्यांना. बाहेरून टाळ्या ऐकू येत होत्या आणि फेटा बांधणारा माणूस म्हणत होता, मान वर करा, आजोबा.

ते स्टेजवर आले आणि आठशे माणसं उभी राहिली.

ज्याच्यासाठी आठशे माणसं कधी उभी राहिली नाहीत, त्यानं गणपतरावांना नावं ठेवू नयेत. आयुष्यभर ते वरातीच्या पुढं चालले. लोकांची नजर कायम त्यांच्या डोक्यावरून मागच्या घोड्यावर. जेवायला सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागच्या अंगाला. आणि आज इथं बायका पदरानं डोळे पुसत होत्या, एक म्हातारा हात जोडून उभा होता. शाल आली, नारळ आला, मानधनाचं पाकीट आलं, चकचकीत बैलगाडीचं स्मृतिचिन्ह आलं. मोहितनं माईक पुढं केला. "आजोबा, दोन शब्द!"

गणपतरावांनी तोंड उघडलं. चौथ्या रांगेच्या टोकाला पांढरा सदरा दिसत होता.

"लई... लई उपकार झालं," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा एवढा गजर झाला, की पुढचं बोलायला जागाच उरली नाही. मोहितनं माईक काढून घेतला. दिवे मंद झाले, पडद्यावर बैलगाडी आली आणि कुणीतरी गणपतरावांच्या हातात त्यांचंच क्लॅरिनेट दिलं.

त्या क्षणी त्यांच्या मनात एक पळवाट निघाली. ती त्यांना इतकी पटली, की छाती हलकी झाली. आपण मनाशी म्हणालो होतो, एकटा वाजवणार नाही. तर मग वाजवायचंच नाही! ओठाला लावायचं, बोटं ठेवायची, पण फुंकर म्हणून घालायची नाही. म्हणजे सयाजीला सोडून वाजवल्याचं पाप नको. पंचेचाळीस सेकंद निभतील, मग सयाजीला सांगता येईल, सया, तुझ्याबिगर एक सूर काढला नाही बघ मी.

कर्ण्यांतून क्लॅरिनेट सुरू झालं. त्यांचंच, पंचविशीतलं, छातीत दम असलेलं. पाठोपाठ सयाजीची ढोलकी आली, दोनदा मागं सरकवूनही जड वाजणारी. गणपतरावांची बोटं आपोआप भोकांवर फिरायला लागली. सभागृहातली माणसं मान हलवत होती. कितीतरी जण रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

आणि मग त्यांना दुसरी ढोलकी ऐकू आली.

दुसऱ्या कुणाला ती कळली असती की नाही, सांगता येत नाही. कर्ण्यांच्या त्या दणक्याखाली, डावीकडून, भिंतीच्या बाजूनं. खरी कातड्याची ढोलकी. उजव्या हाताची चाट स्वच्छ, धुम बसकी आणि पाव मात्रा उशिरानं येणारी. अडीच तासांपूर्वी गाडीत सांगितलेलं, थांब माझ्यासाठी. क्लॅरिनेट ओठांत होतं. एक श्वास घ्यायचा आणि सोडायचा, एवढंच करायचं होतं. त्यांनी श्वास घेतलाही. पण समोर आठशे माणसं, कर्ण्यात तो निर्दोष सूर, आणि छातीत शहात्तर वर्षांचा दम. एक सूर फाटला तर? त्यांनी तो श्वास नाकानं सोडून दिला आणि बोटं हलवत राहिले.

ढोलकी थांबली. तिहाईच्या आधीच थांबली.

तिहाई सगळ्या सभागृहानं टाळ्यांनी वाजवली. तो मेळाव्याचा रिवाजच होता. आठशे जोड्या हातांनी सयाजीची तिहाई बिनचूक वाजवली आणि मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले.

काय झालं ते निशिगंधानं नंतर पार्किंगमध्ये सांगितलं, आवाज दाबून. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगा होता, मिशी चिकटवलेला, ढसाढसा रडणारा. सयाजीनं खोळ काढून ढोलकी मांडीवर घेतली, दोन-तीन आवर्तनं वाजवली, तेव्हा त्या पोरानं हात जोडले आणि म्हणाला, "आजोबा, ऐकू द्या की जरा. ओरिजिनल चाललंय."

"मग मामंजींनी हात काढला," ती म्हणाली. "मी त्या पोराला सांगणार हुते. पर त्यांनी मला गप्प बसीवलं."

परतीच्या वाटेवर सयाजी पुढच्या सीटवर बसला आणि डोळे मिटून राहिला. झोपला होता की नाही, हे गणपतरावांनी विचारलं नाही. मांडीवर फेटा आणि पाय मागं घेतलेले, असे ते अडीच तास बसले.

चार दिवस ते सयाजीकडं गेले नाहीत. गल्लीतून जाताना पावलं लांब-लांब टाकायचे. धुम ऐकू येत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पाकिटातल्या नोटा निम्म्या केल्या, रुमालात बांधल्या आणि गेले. निशिगंधा अंगणात भांडी घासत होती. तिनं वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आल्यापास्नं हात हलीवला न्हाय त्यांनी. तेल लावू देईनात."

सयाजी खाटेवर बसला होता. निदान भिंतीकडं तोंड नव्हतं. गणपतरावांनी रुमाल त्याच्या उशाशी ठेवला.

"तुझं निम्मं."

"असू दे तितं," सयाजी म्हणाला.

"सया, त्या पोराचं मनावर घिऊ नको. त्याला काय म्हाईत, शेजारी कोण बसलंय."

"कुठल्या पोराचं?"

"त्यो मिशीवाला. ऐकू द्या म्हणालेला."

"त्यो व्हय!" सयाजी जरासा हसला. "लई रडत हुतं बिचारं. आरं, वरातीत दारूड्यांनी दगडं मारली तवा हात थांबला न्हाय माझा, ध्यानात हाय न्हवं? त्या लेकराच्या सांगण्यावरनं थांबीन व्हय मी?"

गणपतराव खाटेच्या कडेला बसले. जे बोलायला ते आले होते ते आता गिळून चालणार नव्हतं. "सया, तुला बोलावलंच नव्हतं. सुपारी माझ्या एकट्याची हुती. मला पंधरा दिस आधी कळलं, पर म्या सांगितलं न्हाय."

"म्हाईत हाय. निशीनं मोबाइलवर दाखिवलतं मला. तुझा फोटू झ्याक आलाय."

"आणि तरी आलास?"

"तू वाजवणार म्हटल्यावर यायला नको व्हय?" सयाजीला खरंच नवल वाटलं होतं. "खुर्ची वर हाय का खाली हाय, त्याचं काय एवढं? तू वर उभारून वाजीव, मी खाली बसून साथ करीन, असं ठरवूनच आलतो. म्हणून तर तिकीट काढलं."

"मग थांबलास का?"

बाहेर निशिगंधाच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती.

"तुझ्या मागं पन्नास वरसं बसलोय मी, गणपा. तू फुकलास की तुझ्या कानामागली शीर फुगती. ती बघून मी हात टाकतो, सूर नंतर ऐकतो. त्या दिवशी आधी सवयीनं हात टाकला. मग वर बघितलं. शीर हललीच न्हाय. आणि जरा बघितलं, गालबी हलंनात. तू नुसती बोटं नाचवत हुतास." त्यानं डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. "मग म्हटलं, आता साथ करायची कुणाला?"

"तुझ्याबिगर एकट्यानं वाजवायचं न्हाय म्हणून न्हाय फुकलो, सया!" गणपतरावांचा आवाज फुटला. "देवाशपथ सांगतो. तू संगट न्हाईस, मग मी एकट्यानं सूर कसा काढायचा?"

सयाजीनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी वाजवत हुतो की," तो म्हणाला.